निळ्या चकतीचा नंबर

माझे सासरे आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्याशी मी एकदाच खोटं बोलले. तसं भाजीत तेल किती घातलं, डॉक्टर खरं काय म्हणाले, असल्या बाबतीत त्यांना पुष्कळदा गुंडाळलं आहे. पण ते सगळ्याच सुना करतात आणि सगळ्याच सासऱ्यांना ते ठाऊक असतं. मी म्हणते ते खोटं शर्टाच्या बटणाहून जराशा मोठ्या, निळ्या चकतीबद्दल होतं. त्यापायी त्यांच्या हातातलं काम जवळजवळ सुटलं होतं.

आम्ही अंबरपेठेत राहतो. सासऱ्यांचं घराणं मूळचं मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचं. ते तरुणपणी शिकायला हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. मलकपेठेत, रेसकोर्सकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चाललं. मी पुण्याची. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं मराठी मला अर्धंच कळायचं आणि माझं मराठी त्यांना शिष्ट वाटायचं. एकतीस वर्षं झाली, दोघांचीही मतं फारशी बदललेली नाहीत. मी जामबागच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. मुलं मला काय म्हणायची ते मला माहीत आहे, इथे लिहायची गरज नाही.

दुकान बंद झालं तरी मामंजींचं काम बंद झालं नाही. मागच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल, त्यावर सोल्डरिंगची बंदूक, मोठं भिंग, आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांतून वर्गवारी करून ठेवलेले सुटे भाग. घरातला मिक्सर, शेजारणीची इस्त्री, समोरच्या घरातला टीव्ही, सगळं त्या टेबलावर यायचं. हॉलच्या भिंतीवर त्यांनी दुकानातला व्होल्टमीटर आणून लावला होता. येता-जाता ते त्याच्याकडे बघत. मी देव्हाऱ्याकडे जितक्या वेळा बघत नसेन तितक्या वेळा ते त्या काट्याकडे बघत.

त्यांची एक पद्धत होती. कुठलाही भाग जोडण्यापूर्वी त्यावरचा नंबर मोठ्याने वाचायचा. दुकानात एकटे असले तरी स्वतःलाच वाचून दाखवायचे, आणि मगच बंदूक हातात घ्यायचे. पाचेक वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याची झीज सुरू झाली. भिंगाखाली तार दिसते, टाका दिसतो, पण बारीक अक्षर पसरतं, त्याचा नुसता डाग होतो. तेव्हापासून वाचायचं काम माझ्याकडे आलं. ते भाग माझ्यासमोर धरत आणि म्हणत, "बाई, वाच." मी वाचायची. तोंडाने ते पुन्हा तोच नंबर म्हणत आणि मग कामाला लागत. या कामाचा मला कंटाळा यायचा, हे खरंच सांगते. हातातला स्वयंपाक सोडून यावं लागायचं. पण त्या घरात मला कुणी कधी इतक्या गंभीरपणे ऐकलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

एका शनिवारी दुपारी आमच्या गल्लीतल्या खांबावरची न्यूट्रलची तार तुटली. असं झालं की काही घरांत दिवे मिणमिणतात आणि काही घरांत वीज दुपटीच्या जवळ जाते. आमचं घर दुसऱ्या जातीतलं निघालं. पंखे एकदम भिरभिरले, स्वयंपाकघरातला दिवा पांढराफटक झाला, आणि मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनमधून फट्ट असा आवाज आला. मामंजी खुर्चीतून ओरडले, "मेन पाड! मेन पाड!" मी धावत जाऊन पाडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनचं पॅनेल उघडलं. आतल्या बोर्डावर फ्यूज उडाला होता आणि शेजारची निळी चकती मधोमध फुटली होती. या चकतीला व्हॅरिस्टर म्हणतात. ती विजेच्या दोन तारांच्या मध्ये बसवलेली असते आणि एरवी काहीच करत नाही. वीज ठरावीक मर्यादेच्या वर उसळली की ती उसळी स्वतःवर घेते, फ्यूज उडवते आणि बहुतेक वेळा स्वतःही मरते. बाकीचा बोर्ड वाचतो. फुटकी चकती काढून टाकली आणि नुसता फ्यूज घातला तरी मशीन चालू होते. पुष्कळ मेकॅनिक तेवढंच करतात आणि गिऱ्हाइकाला पुढच्या उसळीपर्यंत काही कळत नाही. मामंजींनी चाळीस वर्षांत एकही वस्तू चकतीवाचून परत दिली नाही, असं ते सांगत, आणि मला ते खरं वाटतं, कारण ते फुशारकी मारणाऱ्यातले नाहीत.

"तुकड्यावर काय लिहिलंय, वाच," ते म्हणाले.

अर्धा नंबर जळाला होता. "चार, सात... पुढचं गेलंय."

"चार-सात-एक. कोठीच्या बाजारात जाऊन तीच आण. चौदा मिलिमीटरची. दोन आण, एक डब्यात ऱ्हाईल."

या नंबरांची वाचायची रीत सोपी आहे. पहिले दोन आकडे जसेच्या तसे, तिसरा आकडा म्हणजे पुढे किती शून्यं. चार-सात-एक म्हणजे सत्तेचाळीसपुढे एक शून्य, चारशे सत्तर. तेवढ्या व्होल्टला ती चकती जागी होते. एवढंच काम होतं माझं. पिशवी घ्यायची, कोठीला जायचं, चार-सात-एक मागायचं आणि परत यायचं.

कोठीच्या त्या गल्लीत दुकानांच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या खणांतून सुटे भाग भरून ठेवलेले असतात. मामंजींच्या ओळखीच्या दुकानदाराने काचेखाली एक तक्ता लावला होता. एका बाजूला चकतीचा नंबर, दुसऱ्या बाजूला ती किती व्होल्टच्या विजेवर लावायची तो आकडा. सहज म्हणून मी तो वाचला, आणि तिथेच घोटाळा झाला. चार-सात-एकच्या समोर तीनशे व्होल्ट होतं. तीन-सहा-एकच्या समोर दोनशे तीस.

दोनशे तीस! अठ्ठावीस वर्षं मी फळ्यावर लिहिलेला आकडा. भारतात घरगुती वीज दोनशे तीस व्होल्ट. मनात म्हटलं, मग तीनशेची कशाला? कमी मर्यादेची चकती लवकर जागी होईल, उसळी आधीच अडवेल, मशीन जास्त सुरक्षित राहील. मामंजींचं दुकानातलं ज्ञान जुनं, सवयीचं; हे तर सरळ शास्त्र आहे. तिथल्या तिथे मी शिखराचाही हिशोब केला. दोनशे तीसची वीज क्षणोक्षणी सव्वातीनशेपर्यंत चढते, चकती तीनशे साठची, म्हणजे मध्ये जागा आहे. हिशोब अगदी बरोबर होता. मी माझ्यावर खूश झाले.

"वाशिंग मशीन के वास्ते तीन-छे-एक देव, दो," मी म्हटलं.

दुकानदाराने वर बघितलं. मामंजींना तो दादा म्हणायचा. "मॅडम, वाशिंग मशीन के वास्ते सब चार-सात-एक लेके जाते. दादा कू पूछ लेव एक बार."

"पूछने की जरूरत नहीं. मैं फिजिक्स पढ़ाती हूँ."

हे वाक्य आजही आठवलं की माझे कान गरम होतात. दुकानदाराने दोन चकत्या कागदाच्या पुडीत बांधून पुढे केल्या.

घरी आले तेव्हा मामंजी टेबलाशी तयार बसले होते. बंदूक तापली होती. त्यांनी पुडी उघडली, एक चकती चिमटीत धरली, माझ्यासमोर केली आणि म्हणाले, "वाच."

इथे मला थांबून समजावून सांगता आलं असतं. मामंजी, मी दुसरी आणली आहे, ही का बरी ते ऐका. त्यावर त्यांनी मान हलवली असती, व्होल्टमीटरकडे बोट दाखवलं असतं, मला पुन्हा कोठीला धाडलं असतं. उन्हातून आले होते, कुकर लावायचा होता, आणि वाद घालायचा मला कंटाळा आला होता. शिवाय मी बरोबर होते.

"चार-सात-एक," मी वाचलं.

"चार-सात-एक," ते म्हणाले. मग त्यांनी चकती अंगठा आणि बोटात धरून जरा फिरवली. "पातळ लागायलीय, बाई."

"नवीन माल आहे. हल्ली तशाच येतात."

"हौ?"

"हो."

त्यांनी चकती जोडली. फ्यूज बदलला. मशीन सुरू झाली, घरघरली, मी कपडे टाकले. सगळं कसं व्यवस्थित झालं. उरलेली चकती त्यांनी डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं.

दीड महिना मशीन चांगली चालली.

मग एका दुपारी माझे यजमान घरूनच काम करत होते, कानाला हेडफोन लावून कुणाशी तरी बोलत होते. मी भाजी आणायला गेले होते. मामंजी झोपले होते. परत आले तेव्हा गॅलरीचं दार उघडं, घरभर जळक्या प्लास्टिकचा वास, आणि यजमान ओल्या गोणपाटाने मशीनचं पॅनेल झाकून उभे. हेडफोन गळ्यात तसाच, आणि त्यातून कुणीतरी अजून बोलतच होतं. पॅनेल वितळून आत गेलं होतं, मागच्या भिंतीवर छतापर्यंत काळा पट्टा उठला होता. वर वाळत घातलेली माझी साडी काठापाशी भोकाभोकांची झाली होती. कुणाला काही झालं नाही.

यजमानांनी पॅनेलच्या आतून बोर्ड ओढून काढला. जिथे नवी चकती बसवली होती तिथे कोळशाचा गोळा होता. तो त्यांनी मामंजींच्या हातात दिला.

"बाबा, हे तुम्ही जोडलं होतं ना?"

मामंजींनी बोर्ड चाचपला. "हौ. मीच."

"मी आज घरी होतो म्हणून. तुम्ही एकटे असता तर? झोपेत धूर कळला असता तुम्हाला? आता पुरे, बाबा. रागावून नाही सांगत. पण तुमचे डोळे गेलेत, हात कापतात, आणि आपण विजेशी खेळतोय. आजपासून सोल्डरिंग बंद."

मामंजी भांडले नाहीत. त्यांनी भिंतीतून पिन काढली, बंदूक थंड होईपर्यंत थांबले, वायर हातावर गुंडाळली आणि स्वतःच मुलाच्या हातात दिली. संध्याकाळच्या आत टेबलावरचं सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर गेलं. भिंग तेवढं राहिलं, पेपर वाचायला म्हणून.

चूक कुणाची ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. बंदूक आवरताना यजमानांनी डब्यांतला एक टेबलावर विसरला होता, त्यात ती दुसरी चकती होती. मी ती घेऊन हॉलमध्ये आले आणि सहज भिंतीकडे बघितलं. काटा दोनशे अठ्ठावन्नवर होता. मग एका पाकिटाच्या पाठीवर मी हिशोब केला. दोनशे अठ्ठावन्नच्या विजेचं शिखर तीनशे पासष्टच्या आसपास जातं. चकती तीनशे साठला जागी होणारी. म्हणजे आमच्या गल्लीत, लोक कामावर गेले की रोज दुपारी वीज जेव्हा वर चढते, तेव्हा ती चकती दर सेकंदाला कितीतरी वेळा थोडी थोडी जागी होत होती, तापत होती. दीड महिना ती रोज तापली, आणि शेवटी पेटली. फळ्यावरची वीज दोनशे तीस असते. अंबरपेठेतली तेवढी नसते. हे सांगायलाच तर मामंजींनी तो व्होल्टमीटर भिंतीवर लावला होता, आणि मी त्याला वर्षानुवर्षं फडक्याने पुसत होते.

चकती मी पदराला बांधली, मग कपाटात ठेवली. पाकीट फाडून टाकलं.

सांगणार होतेच. पण आज नको, आज यजमान चिडलेले आहेत, उद्या नको, उद्या विमा कंपनीचा माणूस येणार आहे, परवा पाहुणे. अशी कारणं काढायला फार बुद्धी लागत नाही. त्यात एक नवीन विचार मला सापडला, तो फारच सोयीचा होता: नाहीतरी त्यांनी हे काम थांबवायलाच हवं होतं. डोळे गेलेच आहेत. आज माझ्यामुळे थांबलं, उद्या दुसऱ्या कशामुळे थांबलं असतं. मग झालं ते बरंच झालं. हा विचार मी दोन-तीन दिवस नीट सांभाळला.

तोवर मामंजींकडे बघायची मला सवय राहिली नव्हती. आता बघायला लागले. सकाळी चहा झाला की ते मागच्या खोलीत जाऊन खिडकीपाशी बसत. टेबल रिकामं. हात टेबलावर ठेवत, मग मांडीवर घेत, मग पुन्हा टेबलावर. शेजारीण इस्त्री घेऊन आली तर दारातूनच म्हणाले, "बंद केलं, ताई." ती मला म्हणाली, "अरे, अंकल बीमार है क्या?" मी हसून टाळलं. पेपर भिंगाखाली धरायचे आणि पानं उलटायची राहून जायची. एक दिवस माझ्या लक्षात आलं की हॉलमधून जाताना ते आता व्होल्टमीटरकडे बघत नाहीत. मला लाज वाटली. इतकी वाटली की त्या दिवशी मी त्यांच्या ताटात नीट बघून वाढलंसुद्धा नाही.

तरीही मी बोलले नाही. एकूण अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, गल्लीतून भंगारवाल्याची हाक आली. मामंजींनी खिडकीतून त्याला थांबवलं आणि मुलाला म्हणाले, "वरचं खोकं काढ रे. देऊन टाकू."

"असू द्या की वर, बाबा. काय घाई आहे?"

"वर ठेवून काय करायचं? जागा अडायलीय." ते अगदी साध्या आवाजात बोलले. जुने पेपर देऊन टाकावेत तसे.

यजमानांनी खोकं उतरवलं. हॉलच्या मधोमध ठेवलं. भंगारवाला दारात काटा घेऊन उभा. मामंजी खाली वाकून एकेक डबा चाचपून बाहेर काढू लागले. हे ट्रान्झिस्टर, हे कंडेन्सर, हे जुन्या रेडिओचे नॉब. प्रत्येक डबा ते झाकण न उघडता, वजनावरून ओळखत होते. शेवटी बंदूक. ती त्यांनी वायरसकट उचलली आणि दाराकडे हात लांब केला.

"थांबा," मी म्हटलं.

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी कपाटातून चकती काढून आणली. "ही तीन-सहा-एक आहे. मशीनला तुम्ही लावली तीही तीन-सहा-एकच होती. तुम्ही चार-सात-एक सांगितली होती. मला वाटलं, मला जास्त कळतं. दुकानदार नको म्हणत होता, तरी आणली. आणि तुम्ही वाच म्हणालात तेव्हा मी खोटं वाचलं. आग माझ्यामुळे लागली, मामंजी. तुमच्या हातांमुळे नाही."

एवढं मी एका दमात बोलले. यजमानांचं तोंड उघडंच राहिलं. ते माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं, पण ते नुसते बघत राहिले, आणि ते मला चिडण्याहून जड गेलं.

दारातून भंगारवाला म्हणाला, "अम्मा, देना है कि नै? मेरेकू आगे जाना है."

"नै देना," यजमान म्हणाले. तो बडबडत निघून गेला.

मामंजी बंदूक हातात धरून तसेच वाकलेले होते. मग हळूहळू खुर्चीत बसले. म्हणाले, "मला कळलं होतं."

"कधी?" मी विचारलं.

"जोडतानाच. चार-सात-एक इतकी पातळ नसते. चाळीस वर्षं चिमटीत धरलेली चीज आहे ती. बोटांनी सांगितलं होतं, ही ती न्हाई." ते थांबले. "तू हो म्हणालीस. म्हणून बोटांचं ऐकलं न्हाई."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? हे तुमच्यावर ओरडत होते, तुम्ही सगळं काढून दिलंत..."

"काय बोलू? माझ्या सुनेनं खोटं वाचलं म्हणू? काहून?" ते माझ्या दिशेने बघत होते, पण मी त्यांना किती दिसत होते कुणास ठाऊक. "तू सांगशील म्हणून वाट बघायलो होतो."

अकरा दिवस मी त्यांना बघत होते आणि ते माझी वाट बघत होते. मी आत जाऊन कणीक भिजवायला घेतली आणि रडले. कणकेत मीठ घालायचं राहिलं, हे जेवताना कळलं.

यजमानांनी बंदूक परत दिली. अटी घातल्या: घरात दुसरं कुणी असतानाच वापरायची, टेबलाखाली लोखंडी पत्रा, दाराशी वाळूची बादली. मामंजींनी सगळ्या मान्य केल्या. खोकं टेबलाशी आलं, डबे पुन्हा आपापल्या जागी बसले. दोन दिवसांनी शेजारणीची इस्त्री आली. व्होल्टमीटरकडे बघणं पुन्हा सुरू झालं. वॉशिंग मशीन नवीन घेतली. घर पूर्वीसारखं झालं असं कुणालाही वाटलं असतं, आणि जवळजवळ तसंच होतं.

मशीन नवीन, म्हणून तिच्यासाठी उसळीपासून संरक्षण देणारा प्लगांचा बोर्ड आणला. मामंजींनी तो आणल्या आणल्या उघडला. आत एक लहानशी चकती होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी. "ही काय करणार?" ते म्हणाले. "चौदा मिलिमीटरची घालू. उद्या कोठीला जाऊ."

"मी आणते की."

"नको. मी येतो."

पाच वर्षांनी ते कोठीला गेले. रिक्षातून उतरताना माझा हात धरला, गल्लीत गर्दीतून चालताना धरून ठेवला. दुकानात दोन पायऱ्या होत्या, तिथेही. दुकानदाराने त्यांना बघितलं आणि काउंटरमागून उठूनच आला. "अरे दादा! कित्ते साल के बाद!" मग मला बघितलं. ओळखलं. मिशीत हसला, आणि ते मला पोचलं.

मामंजींनी चौदाची, चार-सात-एक मागितली. कारण विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी दुकानदाराला सांगितलंच: आमच्या गल्लीत वीज दोनशे साठपर्यंत जाते, खालच्या नंबरची चकती तिथे उपाशी माणसासारखी सारखी तोंड उघडते. दुकानदार म्हणाला, "सही बात, दादा." मी काचेखालच्या तक्त्याकडे बघत उभी राहिले.

खणातून काढलेली चकती दुकानदाराने मामंजींच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चिमटीत घेतली, फिरवली, जाडी बघितली. मग हात पुढे केला. मी पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. पाच वर्षांची सवय होती.

हात माझ्यापुढून काउंटरकडे गेला.

"भाई, नंबर पढके सुनाव."

दुकानदार गोंधळला. "मॅडम पढ लेंगे ना, दादा."

"नै. तुम पढो."

त्याने चकती दिव्याखाली धरली आणि वाचलं. मामंजींनी तोच नंबर पुन्हा म्हटला, चकती खिशात ठेवली आणि माझा हात धरून पायऱ्या उतरले.

याला आता सात महिने झाले. आमच्यात कसलीही कटुता नाही. ते माझ्या हातचं जेवतात, औषधं माझ्याच हातून घेतात, आणि गोळीचं नाव कधी विचारत नाहीत. मागच्या खोलीत काम असलं की हाक मारतात. मी जाते, टेबलाशी उभी राहते, ते सांगतील तिथे टॉर्चचा उजेड धरते. नंबर वाचायची वेळ आली की ते भाग बाजूला ठेवतात आणि आपला मुलगा घरी यायची वाट बघतात. तो येतो, कपडेही न बदलता वाचून दाखवतो, आणि मग बंदूक तापते. टॉर्च अजून माझ्याच हातात असतो.